शेवया, नूडल्स आणि गंगाराम कांबळे यांचा चहा

आमच्या माळेगाव बुद्रुकला गळिताच्या दिवसांत संध्याकाळी रस्त्याने चालत निघाले की दोन वास नाकाला भिडतात. एक साखर कारखान्याच्या मळीचा. हा वास आमच्या वडिलांच्या पिढीपासूनचा. माळेगावचा सहकारी साखर कारखाना १९५० च्या दशकात उभा राहिला तेव्हापासून तो आमच्या कपड्यांतच मुरला आहे. दुसरा वास अलीकडचा. तापलेल्या लोखंडी कढईत लसूण, कोबी आणि सोया सॉस एकदम पडले की जो उठतो तो. हा वास ‘चायनीज’च्या गाडीचा.

या गाडीभोवती कोण उभे असते ते पाहावे. इंजिनिअरिंग कॉलेजची मुले असतात. पाळी सुटलेले कामगार असतात. ऊस खाली करून मोकळे झालेले ट्रॅक्टरचे ड्रायव्हर असतात. आईचा पदर ओढून हट्टाने आलेली शाळकरी पोरेही असतात. घरी गेल्यावर आजी विचारते, “चुलीवर भाकरी-कालवण असताना हे गांडुळासारखं काय खाऊन आलात?” पोरे हसतात. आजी रुसते. असा हा तंटा आता घरोघरी आहे.

वाचक बंधू-भगिनींनो, आजीचा राग काढायचा असेल तर तिला एवढेच सांगा की हा पदार्थ तिच्याच घरातला आहे. आणि पोरांना एक वेगळा प्रश्न विचारा, तो मात्र जरा अवघड आहे. पण आधी शेवयांविषयी.

पाटावरची शेवई

उन्हाळ्यात आपल्या बायका एकमेकींच्या दारात जमून शेवया करत आल्या आहेत. गव्हाचा रवा-मैदा भिजवायचा, तो कुटून मऊ करायचा, आणि पाटावर हाताने वळून लांबच लांब धागा ओढायचा. काठीवर किंवा बाजेवर टाकून तो वाळवायचा. पुढे घरोघरी शेवयांचे यंत्र आले, मग गावात विजेवर चालणारी गिरणी आली. कुरडईचेही तसेच. गहू तीन दिवस भिजत घालून त्याचा चीक काढायचा, तो शिजवायचा आणि सोऱ्यातून गरमागरम पाडायचा. सणाला तळलेली कुरडई सगळ्यांना ठाऊक आहे. पण घरात भाजी नसेल त्या दिवशी हीच कुरडई पाण्यात भिजवून कांदा, मिरची, हळद घालून परतलेली भाजी ज्यांनी खाल्ली आहे त्यांना गाडीवरच्या नूडल्सचे नवल वाटायचे कारण नाही. दोन्हीत फरक कढईखालच्या जाळाचा आणि वरून घातलेल्या सॉसचा.

पिठाचा धागा करून तो शिजवून खाणे ही आशियातील फार जुनी गोष्ट आहे. चीनमध्ये लाजिया या ठिकाणी जमिनीखाली गाडल्या गेलेल्या एका वाडग्यात सुमारे ४००० वर्षांपूर्वीच्या नूडल्स सापडल्या, असे संशोधकांनी २००५ साली जाहीर केले. गरम पाणी ओतून चटकन तयार होणाऱ्या नूडल्स जपानमध्ये मोमोफुकू आंदो यांनी १९५८ साली बाजारात आणल्या. आपल्या देशात मॅगी १९८३ साली आली आणि ‘दोन मिनिटांत’ हे शब्द पोरांच्या तोंडी बसले. २०१५ च्या जूनमध्ये शिशाच्या प्रमाणावरून तिच्यावर बंदी आली, ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती उठवली आणि नोव्हेंबरमध्ये ती पुन्हा दुकानात दिसू लागली. ‘मंचुरियन’ हा पदार्थ तर चीनमधला नाहीच. तो मुंबईत १९७५ च्या सुमारास कलकत्त्याहून आलेल्या नेल्सन वँग या चिनी वंशाच्या आचाऱ्याने प्रथम केला, असे मानले जाते. म्हणजे ज्याला आपण ‘चायनीज’ म्हणतो त्यातले अर्धे तरी मुंबईकर आहे.

मलेशियातील कॉफीचे दुकान

नूडल्स हे ज्यांचे रोजचे जेवण आहे असा एक देश म्हणजे मलेशिया. तेथे गावोगावी, गल्लोगल्ली ‘कोपितियाम’ असतात. ‘कोपि’ म्हणजे मलय भाषेत कॉफी आणि ‘तियाम’ म्हणजे हॉक्किएन या चिनी बोलीत दुकान. नाव कॉफीचे असले तरी ते आपल्या गावच्या ‘हॉटेल’सारखे आहे. आपल्याकडे ‘हॉटेल’ म्हणजे राहायची जागा नव्हे. चहा, भजी, मिसळ आणि गप्पा. तेथेही तसेच.

हे दुकान चालते कसे, ते समजून घेण्यासारखे आहे. दुकानाचा मालक बहुधा चहा-कॉफी आणि थंड पेये एवढेच विकतो. बाकीच्या जागेत तो छोट्या छोट्या गाड्या भाड्याने लावू देतो. एकीकडे भाताच्या चपट्या पट्ट्या मोठ्या जाळावर परतणारा, दुसरीकडे नारळाच्या दुधातली तिखट रश्श्याची नूडल्स देणारी बाई, तिसरीकडे भात-कोंबडीवाला. गिऱ्हाईक टेबलावर बसते, मालकाला कॉफी सांगते, गाडीवर जाऊन नूडल्स सांगते आणि टेबल दाखवते. पदार्थ टेबलावर आला की त्याचे पैसे ज्याचे त्याला. एकाच टेबलावर तीन गाड्यांचे तीन पदार्थ येतात. ज्याच्याकडे स्वतःचे दुकान घेण्याइतके भांडवल नाही असा माणूसही एक कढई आणि एक चांगला हात यांच्या बळावर धंद्याला लागतो.

पदार्थांची नावे पोरांना पाठ करायला मजा येईल. ‘चार क्वे तिओ’ म्हणजे तांदळाच्या चपट्या नूडल्स, अंडे, मोड आलेले मूग, कोळंबी आणि सोया सॉस घालून भडक्या जाळावर परतलेल्या. ‘करी मी’ म्हणजे नारळाच्या दुधाच्या झणझणीत रश्श्यातल्या पिवळ्या नूडल्स. पेनांग बेटावरचा ‘आसाम लाक्सा’ म्हणजे मासळीचा आंबट रस्सा. त्यात चिंच असते आणि वर पुदिना. आणि ‘मी गोरेंग’ हा तर आपल्या देशातून गेलेल्या मुसलमान गाडीवाल्यांच्या हातचा: परतलेल्या पिवळ्या नूडल्सवर बटाटा, टोफू, मिरचीचा गोडसर तिखट मसाला आणि कडेला लिंबू. चिनी नूडल्स, आपल्याकडचा मसाला आणि मलय नाव. तेथील चिनी वंशाचे अनेक बौद्ध चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी शाकाहार करतात. त्यांच्यासाठी मांस-मासळीविना नूडल्सही मिळतात.

कॉफीचा प्रकारही ऐकण्यासारखा. बिया साखर आणि लोण्यासारख्या स्निग्ध पदार्थाबरोबर काळ्याभोर होईपर्यंत भाजायच्या, पूड कापडी पिशवीतून गाळायची आणि वर आटवलेले गोड दूध. जाड चिनी मातीच्या कपबशीत ती येते. जुनी माणसे कॉफी बशीत ओतून, फुंकर मारून पीत असत. आमच्या गावचे म्हातारे हे वाचतील तर म्हणतील, म्हणजे आमच्यासारखीच की!

ही दुकाने सुरू केली कोणी? मुख्यतः चीनच्या हायनान बेटावरून आलेल्या गरीब माणसांनी. ते उशिरा पोहोचले. व्यापार, कथिलाच्या खाणी, अडत्याचे धंदे हे आधी आलेल्यांनी धरले होते. हायनानी माणसाच्या वाट्याला साहेबाच्या घरचा स्वयंपाक, जहाजावरची खानसामागिरी अशी चाकरीची कामे आली. पुढे १९२०-३० च्या काळात त्यांतल्या पुष्कळांनी साठवलेल्या चार पैशांतून कॉफीची दुकाने काढली. साहेबाला पाव भाजून देणारा हात आपल्या दुकानात हमालाला पाव भाजून देऊ लागला. त्या पावावर लोणी आणि नारळ-अंड्याचा गोड मुरंबा, सोबत अर्धवट उकडलेली दोन अंडी. हीच न्याहारी आजही चालते.

२०२४ च्या डिसेंबरमध्ये युनेस्कोने मलेशियातील न्याहारीच्या परंपरेचा जागतिक अमूर्त वारशाच्या यादीत समावेश केला. त्यामागचे कारण लक्षात घ्यावे. पदार्थ रुचकर आहेत म्हणून नव्हे, तर मलय, चिनी, भारतीय वंशाची माणसे सकाळी एकत्र बसून खातात म्हणून.

सगळे गोडगोड आहे असे मात्र नाही. २०२० च्या जनगणनेप्रमाणे त्या देशात ६३.५ टक्के मुसलमान, १८.७ टक्के बौद्ध, ९.१ टक्के ख्रिस्ती आणि ६.१ टक्के हिंदू आहेत. पुष्कळशा चिनी दुकानांत डुकराचे मांस किंवा चरबी वापरतात, म्हणून मुसलमान तेथे खात नाहीत. पण फरक पाहा. तेथे अडचण ताटात काय आहे याची आहे. ते कोणी रांधले, कोणी वाढले, कोणत्या माणसाचा हात लागला याची नाही. ताटातली वस्तू बदलली की ती अडचण सुटते. आपल्याकडे अडचण होती ती माणसाच्या हाताची. तो हात बदलता येत नाही.

मुंबई-पुण्याचा इराणी

कोपितियामचा आपल्याकडचा भाऊ शोधायचा तर इराण्याचे हॉटेल. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून इराणच्या यझ्द, करमान या भागांतून आलेल्या गरीब माणसांनी मुंबईच्या कोपऱ्या-कोपऱ्यांवर चहाची दुकाने काढली. संगमरवरी टेबले, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, बन-मस्का, ब्रून पाव आणि कडक चहा. धोबी तलावाजवळचे कयानी १९०४ चे, बॅलार्ड इस्टेटचे ब्रिटानिया १९२३ चे, पुण्याच्या डेक्कनवरचे गुडलक १९३५ चे. मुंबईत खोलीत गर्दी, घरी बायको-मुले गावाला, अशा गिरणी कामगाराला एका चहावर तासभर बसता येईल अशी ती जागा होती. परका मुलूख, परका धर्म, उशिरा येणे, हाताशी थोडे भांडवल आणि स्वस्त खाणे: हायनानी आणि इराणी यांची गोष्ट एकच आहे.

इराणी परका होता म्हणून त्याला गिऱ्हाईकाच्या जातीशी फारसे घेणे नव्हते. गावच्या हॉटेलवाल्याला मात्र होते.

वेगळी कपबशी

आमच्या पिढीतील वडीलधाऱ्यांना विचारा. हॉटेलाच्या मागच्या बाजूला, कौलाच्या वळचणीला किंवा झाडाच्या ढोलीत ठेवलेली कानतुटकी कपबशी. ती आपणच काढायची, आपणच पुढे करायची, वरून ओतलेला चहा बाहेर उकिडवे बसून प्यायचा आणि आपणच विसळून पुन्हा जागेवर ठेवायची. पैसे मात्र सगळ्यांइतकेच. आणि हे पैसेही हातावर नाही, फळीवर ठेवायचे.

गिरण्यांमध्ये तरी काय होते? पगार जास्त असलेल्या विणकाम खात्यात आपल्या माणसांना घेत नसत, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि आपले तोंड लागलेला धोटा इतरांना चालत नसे. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला. कपाचा कान आणि धोट्याचे भोक, दोन्हीकडे विटाळ तोच.

२६ जानेवारी १९५० रोजी राज्यघटना अमलात आली. तिच्या १५ व्या अनुच्छेदात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांचा नाव घेऊन उल्लेख आहे. धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून तेथे कोणाला अडवता येत नाही. देशाच्या मूलभूत कायद्यात चहाच्या दुकानाला जागा द्यावी लागली, यावरूनच त्या दुकानाच्या दारात काय घडत होते ते कळते. १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. १९५५ साली त्यासाठी कायदा झाला; १९७६ पासून तो नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणून ओळखला जातो. त्याच्या चौथ्या कलमात हॉटेलात जाण्याचा हक्क तर आहेच, पण तेथील सर्वांसाठी ठेवलेली भांडी वापरण्याचा हक्कही आहे. म्हणजे वेगळी कपबशी हा गुन्हा आहे आणि त्याला एक ते सहा महिन्यांची कैद आणि दंडही आहे. १९७० च्या दशकात डॉ. बाबा आढाव यांनी ‘एक गाव एक पाणवठा’ची चळवळ गावोगाव नेली तेव्हाही हा कायदा होता, पण गावे कायद्याप्रमाणे चालत नव्हती.

आज आमच्या भागात हॉटेलात कोणी आपल्याला वेगळा कप देत नाही. कागदी पेला सगळ्यांना सारखाच. पण म्हणून प्रश्न मिटला का? येथेच तो अवघड प्रश्न येतो, जो पोरांना विचारायचा आहे. आपण आता कोठेही बसून खाऊ शकतो. पण आपल्या हातचे सगळे गाव खाते का?

गंगाराम कांबळे यांचे हॉटेल

हा प्रश्न नवा नाही. कोल्हापुरात शंभर वर्षांपूर्वी तो उभा राहिला होता. गंगाराम कांबळे हे छत्रपती शाहू महाराजांच्या पागेत नोकरीला होते. सवर्णांच्या पाण्याच्या हौदाला शिवल्याचा ठपका ठेवून त्यांना तेथील माणसांनी बेदम मारले. महाराज तेव्हा परगावी होते. परत आल्यावर गंगारामांनी गाऱ्हाणे घातले. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना चाकरीतून मोकळे करून स्वतःचा धंदा काढायला सांगितले, त्यासाठी मदतही केली.

गंगारामांनी भाऊसिंगजी रस्त्यावर चहाचे हॉटेल काढले. नाव ठेवले ‘सत्यसुधारक’. स्वच्छता उत्तम, चहा उत्तम. पण गिऱ्हाईक येईना. महाराच्या हातचा चहा कोण पिणार? ही गोष्ट महाराजांच्या कानावर गेली. ते रोज फिरायला निघत तेव्हा त्यांची गाडी गंगारामांच्या हॉटेलसमोर उभी राहू लागली. महाराज चहा मागवायचे, स्वतः प्यायचे आणि सोबतच्या अंमलदार-सरदारांनाही पाजायचे. छत्रपती ज्या हातचा चहा पितात तो नाकारायची छाती कोणाची? हॉटेल चालू लागले. पुढे सोडा तयार करण्याचे यंत्रही महाराजांनी त्यांना घेऊन दिले.

याच महाराजांनी १९२० च्या मार्चमध्ये माणगावच्या परिषदेत बाबासाहेब हेच तुमचे पुढारी असे जाहीरपणे सांगितले, हे आपल्या घरातील लहान मुलालाही ठाऊक असते. चहाची गोष्ट मात्र माणगावइतकी सांगितली जात नाही. तिच्यात एक बारीक व्यवहार आहे. महाराज हुकूम काढू शकले असते, आणि सार्वजनिक ठिकाणी अस्पृश्यता पाळू नये असे हुकूम त्यांनी काढलेही होते. पण चहा पिण्याची सक्ती करणारा हुकूम कसा काढणार? म्हणून ते स्वतः पहिले गिऱ्हाईक झाले.

नुसते एकत्र खाल्ल्याने जात जाईल असा बाबासाहेबांचाही समज नव्हता. १९३६ सालच्या ‘जातिनिर्मूलन’ या भाषणात त्यांनी सहभोजनाने जातीची भावना मरत नाही, खरा उपाय आंतरजातीय विवाह आणि जातीला आधार देणाऱ्या शास्त्रांचा अधिकार नाकारणे हा आहे, असे मांडले. ते खरेच आहे. गाडीवर प्लेट नूडल्स खाऊन क्रांती होत नाही. पण ज्या गावात आपल्या पोराच्या कढईतले खायला माणूस कचरतो, त्या गावात पुढचे काही होणारही नाही. आणि पोराच्या कर्जाचा हप्ता तर दर महिन्याला असतो.

गाडीवर नाव काय लिहायचे?

आमच्या समाजातील तरुणांनी अशा गाड्या टाकायला सुरुवात केली आहे. कोणी आधी पुण्यात हॉटेलात भांडी घासली, मग भाज्या चिरल्या, मग कढईवर उभा राहिला. कोणी नेपाळी आचाऱ्याच्या हाताखाली शिकला. हायनानी माणसाचीच ही वाट. गावी परत येऊन गाडी टाकायची म्हटले की घरात पहिला वाद होतो तो गाडीच्या नावाचा. निळा रंग द्यावा का? ‘पंचशील’, ‘सम्यक’ असे नाव ठेवावे का? की कोणालाच काही कळू नये म्हणून कुठल्या तरी देवाचे किंवा इंग्रजी नाव ठेवावे? आई म्हणते, नाव ठेव पण आडनाव लिहू नकोस. बाप म्हणतो, आम्ही धर्म बदलला तो लपवायला का? पोरगा दोघांच्या मध्ये उभा. त्याला रोज अमुक इतक्या प्लेटा विकायच्या असतात.

आम्हांला वाटते, या पोराला शौर्याचा उपदेश करण्याचा अधिकार कोणालाच नाही. गाडी त्याची, हप्ता त्याचा, निर्णयही त्याचाच असावा. नाव लपवून धंदा करणाऱ्याला भित्रा म्हणणारे पुष्कळ असतात. त्यांच्यापैकी किती जण त्याच्याकडे प्लेट घ्यायला येतात? उपदेशाची खरी गरज आपल्याला, गिऱ्हाइकांना आहे. शाहू महाराजांसारखी बग्गी आपल्यापाशी नाही. पण पहिले गिऱ्हाईक होणे आपल्याला जमते.

आणि पहिले गिऱ्हाईक व्हायचे तर ते रीतसर व्हावे. आपल्याच माणसाची गाडी म्हणून उधारी मांडायची, आठ पोरांत दोन प्लेटा सांगून सहा वेळा चटणी मागायची, वर ‘आपल्यातलाच आहेस’ म्हणून पैसे कमी द्यायचे, याला आधार देणे म्हणत नाहीत. अशा आधाराने चालती गाडी बंद पडते. रोख पैसे द्यावेत. शक्य असेल तर सोबत कामावरचा, वर्गातला, शेजारचा दुसऱ्या समाजाचा एखादा मित्र न्यावा. महाराजही एकटे चहा पीत नव्हते. सोबतच्यांना पाजत होते. मर्म त्यातच होते.

बायकांनीही जावे. आमच्या गावांत हॉटेलात बाकावर बसून खाणे हे अजून पुरुषांचेच मानले जाते. नवरा कागदात बांधून आणतो आणि बाई घरी ताटात वाढते. दिवसभर दुसऱ्याच्या रानात खुरपून आलेल्या बाईला महिन्यातून एकदा कोणीतरी रांधलेले, कोणीतरी वाढलेले, गरम गरम, बसून खाता आले तर त्यात काही बिघडत नाही.

गाडीवाल्यानेही आपले काम चोख करावे. गंगारामांचा चहा चांगला होता म्हणून दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक परत आले. महाराजांच्या धाकाने एक दिवस पितात, रोज नाही. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ प्रमाणे लहान गाडीवाल्यालाही नोंदणी करावी लागते, ती करून कागद गाडीवर दिसेल असा लावावा. पिण्याचे पाणी झाकलेले असावे. नूडल्स उकडून उन्हात उघड्या ठेवू नयेत. तळणाचे तेल पुन्हा पुन्हा वापरून काळे करू नये. मंचुरियनमध्ये लालभडक रंग तर घालूच नये. कर्नाटक सरकारने २०२४ च्या मार्चमध्ये गोबी मंचुरियनमधील कृत्रिम रंगांवर बंदी घातली ती उगीच नव्हे. अजिनोमोटोची मात्र लोकांना वाटते तेवढी भीती नको. १९०८ साली जपानमध्ये इकेदा या शास्त्रज्ञाने समुद्री शेवाळापासून ते वेगळे केले; बेताच्या प्रमाणात ते अपायकारक असल्याचे सिद्ध झालेले नाही. त्याहून जास्त काळजी मिठाची करावी, कारण सॉसांत मीठ आधीच भरपूर असते. रक्तदाब असलेल्यांनी हे ध्यानात ठेवावे.

भांडवलासाठी सावकाराच्या दारात जाण्याआधी दोन ठिकाणी चौकशी करावी. अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी १९७८ साली स्थापन झालेले महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ स्वयंरोजगाराला अर्थसाहाय्य देते. फेरीवाल्यांसाठी २०२० साली पीएम स्वनिधी ही कर्ज योजना सुरू झाली. माळेगाव बुद्रुकला आता नगरपंचायत आहे, तिच्या कार्यालयात फेरीवाला म्हणून नाव नोंदवण्याविषयी विचारावे.

आणि जर कोणी आपल्या गाडीवर जातीवरून बहिष्कार घाला असे उघड सांगत फिरत असेल, किंवा कोठे हॉटेलात आजही भांडे वेगळे ठेवले जात असेल, तर भांडणात न पडता तारीख, वेळ, साक्षीदार लिहून ठेवावेत आणि पोलीस ठाण्यात लेखी तक्रार देऊन तिची पोच घ्यावी. १९९० च्या दुरुस्तीनंतर धर्मांतरित बौद्धांचाही अनुसूचित जातींत समावेश झाला आहे, हे ठाणे अंमलदाराला नम्रपणे पण स्पष्ट सांगावे.

घरच्या घरी: कुरडईच्या नूडल्स

आजीचा रुसवा शेवटी आजीच्याच डब्यातून काढता येतो. चार माणसांसाठी आठ-दहा गव्हाच्या कुरडया घ्याव्यात. कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटे भिजवाव्यात. मऊ व्हाव्यात पण लगदा होऊ नये. चाळणीत निथळून तेलाचा हात लावून ठेवाव्यात. कढईत दोन पळ्या तेल चांगले तापवून त्यात ठेचलेला लसूण, उभा चिरलेला कांदा, कोबी आणि गाजर मोठ्या जाळावर परतावे. भाज्या करकरीत राहिल्या पाहिजेत. मोड आलेले मूग असतील तर मूठभर टाकावेत, मलेशियातही तेच घालतात. अंडे चालत असेल तर कडेला फोडून हलवावे. मग कुरडया घालून दोन मिनिटे उलटसुलट कराव्यात. कुरडईत मीठ असतेच, म्हणून वरून मीठ चाखूनच घालावे. चिंचेचा कोळ, किंचित गूळ आणि लाल तिखट एकत्र करून वरून ओतावे. सोया सॉसची उणीव भासत नाही. शेवटी लिंबू आणि कोथिंबीर.

पोरे म्हणतील, गाडीवरच्यासारखी चव नाही. खरे आहे, तो जाळ घरच्या शेगडीला येत नाही. त्यासाठी येत्या रविवारी गाडीवर जावे, आजीला बाकावर मधोमध बसवावे आणि तिची प्लेट सगळ्यांत आधी सांगावी.